बोंद्रेजींचा डावा कान

बोंद्रेजींना मारणाऱ्यांत मी होतो. नुसता होतो असं नाही, पहिला फटका माझा पडला. डाव्या कानावर, वॉर्डनच्या काठीनं. ही गोष्ट कोणाला ऐकू जाईल अशा रीतीनं मी आजवर कुठे बोललो नाही. मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, ती ठाऊक नाही. माझी पन्नाशी उलटली, केस गेले, फॅक्टरीतल्या खुर्चीला माझ्या पाठीचा आकार आला, तरी ब्लॅकआउटमधली ती संध्याकाळ जशीच्या तशी आहे. पण ‘मारलं’ एवढं म्हणून भागणार नाही. कोणाला मारलं ते सांगायला हवं.

बोंद्रेजी स्वतः मारकुटा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गेलेल्या माणसाला मी देव करून राहिलो असं वाटेल. ठेंगणे, मानेनं जाड, कोपरापर्यंत काळे हात, मिशीत कुठेतरी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, आणि अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास. बोलण्याआधी त्यांचा हात उठे. शेडमधे नवा माणूस आला की जुने त्याला सांगत, “बोंद्रे हँस रहा हो तब भी एक हाथ दूर खड़े रहना.”

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पासष्टची लढाई संपल्यावर दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांत जी भरती निघाली तिच्यात मी वर्ध्याहून जबलपूरला आलो, स्टोअरमधे क्लार्क म्हणून. पहिल्याच आठवड्यात मार्किंगच्या शेडमधे गेलो. तिथे गोळ्यांच्या लाकडी पेट्यांवर नंबर, वजन, लॉट वगैरे उमटवायचं काम चाले. कापलेल्या अक्षरांचा पत्रा पेटीवर धरायचा आणि आखूड ब्रशनं वरून काळा रंग ठोकायचा. मी कोणाची तरी वाट बघत एका पेटीला टेकलो.

“हालू नको बे!”

त्या फॅक्टरीत कोणी असं ओरडलं की माणूस श्वाससुद्धा थांबवतो. मी थिजलो. मागून एक हात आला, माझी मान धरली आणि मला पेटीपासून अलगद सुटं केलं. पेटीवरचा ओला नंबर फिसकटला होता. बोंद्रेजींनी मला फिरवून माझी पाठ वाचली.

“नंबर तं साफ उमटला बाबू तुया शर्टावर. आता तुलेच पेटीत घालून फ्रंटवर पाठवा लागते.”

सगळी शेड हसली. मीही हसलो. हसू ओठांवर होतं तेवढ्यात टाळूवर ब्रशचा दांडा बसला, डोळ्यांत पाणी येईल असा.

“हे पेटी खराब केल्याबद्दल. अन् शर्ट काढ, टर्पेंटाइननं पुसून देतो. नवा दिसते.”

थट्टा, मार आणि माया त्यांच्याकडे एकाच ताटात वाढून येई. कोणतं आधी तोंडात जाईल याचा नेम नसे.

एकदा एका हमालानं ओल्या पेट्यांवर पेट्या रचल्या. बोंद्रेजींनी त्याला दोनदा हटकलं. तो म्हणाला, “तेरे बाप की पेटी है क्या?” बोंद्रेजींनी हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात नीट उभा ठेवला, चिंधीला हात पुसले, पत्रा सपाट जागी आडवा केला, आणि मग जाऊन त्याचे पुढचे दोन दात पाडले. साहेबापुढे उभं केल्यावर म्हणाले, “नंबर पुसला तं तिकडे चुकीचा गोळा तोफेत जाते साहेब. मंग आपल्या जवानायचे दात कोन मोजन?” साहेब नागपूरकडचे होते, त्यांना समजलं. तरी पंधरवडा घरी बसवलं. तो हमाल पुढे त्यांच्याच शेडमधे टिकला आणि पुढचे दात नसलेल्या तोंडानं सगळ्यांना सांगे, “उस्ताद आदमी है.”

आणखी एक सांगितल्याशिवाय बोंद्रेजी पुरे होणार नाहीत.

जबलपुरात तोफांच्या चाचणीचे धडाके रोजचेच. मांडणीवरची भांडी हलतात, लहान मुलं झोपेतून उठतसुद्धा नाहीत. त्यामुळे त्या सकाळचा धडाका आम्ही हातातला चहा खाली न ठेवताच ऐकला. मग भोंगा वाजला. दारू भरण्याच्या सेक्शनमधे स्फोट झाला होता. लोक बाहेर पळत होते, आणि बोंद्रेजी आत. ते एका माणसाला पाठीवर घालून घेऊन आले. खाली ठेवल्यावर दिसलं की तो वाटेतच संपला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून नव्हता. बोंद्रेजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हात आणायला परत गेले. कोणी अडवलं नाही, अडवायची कोणाची हिंमत नव्हती. येताना त्यांनी तो स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून आणला.

दुपारनंतर मेलेल्यांना पेट्यांत ठेवलं. पेट्या आमच्याच लाकडाच्या, आमच्याच सुतारानं ठोकलेल्या. तोंडं ओळखू येण्यासारखी नव्हती म्हणून वर नावं हवी होती. कोणीतरी खडू आणला. “खडू पुसते,” बोंद्रेजी म्हणाले आणि उघड्या अंगानं पत्रा कापायला बसले. मी एकेक नाव सांगे, ते एकेक नाव कापत. गोलाचं अक्षर आलं की आतला तुकडा गळून पडू नये म्हणून मधे बारीक जोड ठेवावा लागतो; त्यांचा एकही जोड तुटला नाही. तेवढ्यात एक सुपरवायझर येऊन म्हणाला, “नया पतरा क्यों बरबाद कर रहे हो, पुराना ले लो.” बोंद्रेजी उठले आणि त्याच्या गालावर रंगानं भरलेला हात असा बसवला की पाचही बोटं काळी उमटली. तो तसाच निघून गेला. संध्याकाळपर्यंत गालावर ती बोटं घेऊन हिंडत होता आणि तक्रार त्यानं केली नाही. नावं वाळेपर्यंत बोंद्रेजींनी पेट्यांना कोणाला हात लावू दिला नाही. एका मेलेल्याचा बाप पेटीशी आला तर त्यालाही बाजूला सारलं. “वाळू दे बाबा. पोराचं नाव फिसकटंल.”

याच माणसाच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे ओसरीत पाट टाकून एका साध्या थैलीवर वेल काढत बसले होते.

कांचघर नावाच्या मोहल्ल्यात एक खोली आणि ओसरी असं त्यांचं घर. मूल नव्हतं. रविवारी मोहल्ल्यातल्या बाया आपापल्या कोऱ्या थैल्या आणून टाकत. मांजरपाटाच्या, कॅनव्हासच्या, कोणी जुन्या पॅंटची शिवलेली. बोंद्रेजी थैलीत आधी वर्तमानपत्राची घडी घालत, म्हणजे रंग पलीकडे उतरत नाही. मग थैली पाटावर ताणून चारी कोपऱ्यांना टाचण्या मारत. इथे पत्रा नसे. दवाखान्याच्या रद्दीतून ते एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणत आणि त्यांत दाढीच्या पात्यानं पानं, फुलं, पोपट कापत. कोणाच्या तरी बरगड्यांतून वेल चढलेली असे, कोणाच्या गुडघ्यात मोर. फिल्म थैलीवर धरायची, ब्रशचा रंग कागदावर जवळजवळ संपवायचा, आणि उरलेला थोपटायचा.

लग्न होऊन मालती जबलपूरला आल्यावर तिला या थैल्यांचं वेड लागलं. ती रविवारी माझ्याआधी तयार होऊन बसे. बोंद्रेजी तिला ‘पोरी’ म्हणत आणि फिल्मेचं एक टोक धरायला देत.

“फासू नको न पोरी! फासला का रंग फिल्मेखाली घुसते. थोपट. लेकराले निजवते तशी थोपट.”

“काका, तुम्ही लोकांनाही असंच थोपटता म्हणे फॅक्टरीत?”

आतून बोंद्रेकाकू म्हणत, “घरीबी थोपटलं होतं एकदा मले. मंग म्या लाटण्यानं थोपटलं. इचार त्यायले, भुवईत खून कायची हाय.”

बोंद्रेजी भुवई चोळत आणि फिल्मेवर वाकत. खरंच तिथे खूण होती.

या थैल्यांचा रंग ते बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून विकत आणत. फॅक्टरीचा एक थेंब घरात येऊ देत नसत. एकदा फॅक्टरीचा ब्रश चुकून खिशातून घरी आला, तर भर उन्हात चालत जाऊन परत देऊन आले. गेटवरचा जमादार हसला, त्याला शिवी दिली. “फॅक्टरीचा रंग मरनावर जाते,” ते काकूंना म्हणत, “तो घरच्या थैलीले काहून लावू?”

आता ज्या थैलीपायी ते घडलं तिच्यावर येतो.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई लागली. फॅक्टरीत तिन्ही पाळ्या सुरू झाल्या. मालतीला पाचवा महिना होता, पण ती ऐकेना. गल्लीतल्या बायांनी जवानांसाठी स्वेटर विणायचं घेतलं होतं आणि लोकर गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. तिला मोठी थैली हवी होती, दणकट. आमच्या स्टोअरमधे कंडम मालाचा ढीग होता. त्यातला माल फाडून, तुकडे करून टाकायचा असा नियम. त्या ढिगात कॅनव्हासच्या थैल्या होत्या, शिवण उसवलेल्या, बाकी ठणठणीत. एक मी सदऱ्याखाली पोटाला गुंडाळून घरी आणली, उलटी केली, म्हणजे फॅक्टरीचा मार्का आत गेला, आणि मालतीला सांगितलं, बड़ा फुहाऱ्यावर मिळाली. शिवण तिनंच घातली, वरच्या वर, आत न बघता. बोंद्रेजींकडे मीच दिली. “पळस काढा,” मालती म्हणाली होती, “भडक.”

तो मार्का ज्या पत्र्यानं उमटला होता तो बोंद्रेजींनीच कापलेला, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. थैलीत कागदाची घडी घालताना त्यांचा हात आत जाणार, हेही. माणूस चोरी करतो तेव्हा त्याला फक्त गेट दिसतं.

शहरात ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद, सायकलींचे दिवे अर्धे रंगवलेले. विमानं आली नाहीत, पण अफवा रोज येत. फलाण्या मोहल्ल्यात जासूस पकडला, साधूच्या जटेत यंत्र सापडलं, असलं काही. आम्ही तेव्हा बड़ा फुहाऱ्यामागच्या एका गल्लीत राहत होतो. गल्लीचा कर्ता एक कपड्याचा दुकानदार, त्याला सगळे बड्डे म्हणत. त्यानं पोरांची टोळी करून पहारा बसवला आणि मला, फॅक्टरीतला म्हणून, वॉर्डन केलं. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, हातात काठी. मला ते आवडत होतं. हेही सांगितलं पाहिजे.

त्या संध्याकाळी दिवेलागणीची वेळ, दिवे मात्र नाहीत. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतो. कालवा ऐकून धावलो. बड्डेच्या ओट्यापाशी गर्दी होती, आणि मधे दोघांनी हात पिरगाळून धरलेले बोंद्रेजी. नंतर कळलं ते असं, की पोरांनी अडवून विचारलं, “कहाँ जा रये? थैले में का है?” बोंद्रेजी म्हणाले, “तेरे बाप का सिर है. हाथ मत लगाना, रंग गीला है.” एका पोरानं तरी हात घातला, आणि त्याच्या कानाखाली बसली. एवढं पुरे झालं.

थैलीतलं सगळं ओट्यावर उपडं केलेलं होतं. रंगाच्या डब्या, पाती, ब्रश आणि पळसाची फिल्म. बड्डेनं ती निळा कागद लावलेल्या टॉर्चपुढे धरली.

“देखो भैया, देखो! ये रेल की पटरी है. और ये छेद? जहाँ-जहाँ बम गिरना है, वहाँ-वहाँ छेद!”

पटरी म्हणजे कोणाच्या तरी बरगड्या होत्या. छेद म्हणजे पळसाच्या पाकळ्या. गेल्या रविवारी तिचं एक टोक मालतीनं धरलं होतं. मी तिथे उभा होतो आणि मला हे सगळं माहीत होतं.

मग कोणीतरी थैली उलटी केली. आतला मार्का टॉर्चमधे आला.

“फैक्टरी का माल,” बड्डे म्हणाला. वळला आणि त्याला मी दिसलो. “बाबूजी, आप तो वहीं के हो. पहचानते हो इसको?”

बोंद्रेजींनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. ओल्या पेटीला टेकलेल्या माणसाकडे बघावं तसा वैताग होता.

“बाबू,” ते म्हणाले, “यायले सांग. थैली कोनाची हाय ते सांग.”

जबलपुरात मराठी काही परकी नाही. त्या गर्दीतल्या निम्म्यांना एरवी ती कळली असती. पण त्या अंधारात कोणी ओरडलं, “कौन सी बोली बोल रया है?” आणि बड्डे माझ्याकडे रोखून बघत हळूच म्हणाला, “तुमसे बोल रया है बाबूजी. जानता है का तुमको?”

लढाईच्या दिवसांत फॅक्टरीचा माल चोरला म्हणून तुरुंग, मालतीला पाचवा महिना, वर्ध्याला म्हातारी आई, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की या माणसाचं तोंड बंद झालं पाहिजे. ते पुढचा शब्द बोलायला तोंड उघडत होते. मी काठी उचलली आणि मारली.

कानशिलावर बसली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, शब्द आला नाही. डोळे माझ्यावर होते. वॉर्डननं मारलं, फॅक्टरीतल्या माणसानं मारलं, म्हणजे हा नक्की तोच. गल्लीला परवानगी मिळाली. मग चपला, सायकलचा पंप, विटा. काल माझ्याकडून पोराची शाळेची वही तपासून न्यायला आलेला एक बाप त्यांच्या पोटात लाथा घालत होता. बोंद्रेजी आधी लढले, एकाचा अंगठा चावला, एकाला ओट्यावर आपटलं, आणि मग खाली गेले. कोणीतरी म्हणालं, “इसी हाथ से नक्शा बनाया है.” त्यांचा उजवा हात नालीच्या दगडावर धरला आणि एकजण टाचेनं त्यावर उभा राहून फिरला. तो आवाज मी ऐकला. बोंद्रेजी ओरडले ते तेव्हाच, एकदा.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. ती वाजवली असती तर कोपऱ्यावरचा पोलीस आला असता. मी वाजवली नाही. मी दुसऱ्यांदा मारलंही नाही. त्याची गरज पडली नाही.

पोलीस आपोआप आले. बोंद्रेजींना हातगाडीवर घालून नेलं. घरी आलो तर मालती अंधारात विणत बसली होती.

“कोण होतं हो?”

“जासूस.”

“बरं झालं,” ती म्हणाली, “ठेचायलाच पाहिजे.”

सकाळी तिला खरं कळलं, की ते बोंद्रेकाका होते. एवढंच कळलं. ती दिवसभर रडली, जेवली नाही, आणि संध्याकाळी डोळे पुसून शांतपणे म्हणाली, “ज्यानं पहिल्यांदा हात उचलला न, त्याचे हात झडोत.” मी तिच्यासमोर बसून वरणभात खात होतो. घास तसाच गिळला.

जासूस नाही हे पोलिसांना लगेच समजलं. पण थैली राहिली. फॅक्टरीत चौकशी बसली आणि मार्का ओळखायला स्टोअरचा क्लार्क म्हणून मलाच बोलावलं. टेबलावर थैली पळसाची बाजू वर करून ठेवलेली. लाल फुलांवर आणखी एक लाल होता, तो सुकून काळा पडला होता. बोंद्रेजी समोर उभे, डोक्याला पट्टी, उजवा हात प्लास्टरमधे. साहेबानं विचारलेलं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला.

“थैला किसका है?”

“मेरा.”

“कहाँ से लिया?”

“कंडम में से.”

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मार्का आमचाच आहे, मी म्हणालो. बोंद्रेजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या माणसानं एक ब्रश उन्हातून परत नेऊन दिला त्याला चोर म्हणून काढून टाकलं. मालतीला मी सांगितलं, ती थैली आपली नव्हे, आपली त्या गर्दीत हरवली.

मी कांचघरला गेलो तो बऱ्याच दिवसांनी. काकूंनी दार उघडलं. ओसरीत जायच्या आधी त्यांनी मला आतच थांबवलं आणि हळू आवाजात बोलल्या.

“थैली तुमची होती हे मले ठाव हाय बाबूजी. कागद घालाले हात घातला तं त्यायले मार्का दिसला. मले म्हने, पोरीनं हौशीनं सांगतलं, काढून देतो. अन् मंग बाबूच्या दोन थोबाडीत देतो, अन् मंग पोरीले थैली देतो. तुमच्याचकडे येऊन राहिले होते त्या दिवशी, उरलासुरला रंग तिथंच भरतो म्हनून सामान घेऊन. वाटंतच मेल्यायनं धरलं.”

“काकू, तुम्ही साहेबाला—”

“मी जाऊन सांगनार होती. त्यायनं बोलू देल्लं नाही. म्हने, पोरीच्या पोटात लेकरू हाय, बाबू आत गेला तं थे कोनाकडे पाहीन?” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “मारलं कोनं कोनं, थे बी सांगत नाहीत. म्हनते अंधार होता.”

अंधार होता. टॉर्च होती, आणि माझं तोंड त्यांच्यापासून काठीभर अंतरावर होतं.

बोंद्रेजी ओसरीत पाटापाशी बसले होते. थैली ताणलेली, डाव्या हातात ब्रश. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, तळहाताकडे वळलेली. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो.

“इकडून बस न बाबू,” ते म्हणाले. “तिकडचं दुकान बंद झालं.”

मी “हो” म्हणालो आणि हललो नाही. तिथेच, त्या बंद कानाशी वाकून मी सगळं बोललो. थैली माझी, चोरी माझी, पहिली काठी माझी, मला माफ करा. हळू बोललो, आत काकूंना जाऊ नये इतकं. ब्रश थोपटत राहिला. डाव्या हाताला सवय नव्हती, रंग पानांच्या बाहेर जात होता.

“काय म्हनलं?”

“काही नाही. थंडी आहे म्हटलं.”

“हो, हाय न.”

चहा आला. निघताना त्यांनी पाटावरची थैली टाचण्या काढून माझ्या हातात दिली. पुन्हा पळसच होता, फुलं कडेला थोडी पसरलेली. “पोरीले दे. ही बड़ा फुहाऱ्याचीच हाय, खरी.” मग माझ्याकडे बघत म्हणाले, “तुया दोन राहिल्या हायेत बाबू. थैलीच्या नाही. थैलीचं माफ. बाकीच्याच्या. हात बरा होऊ दे.”

हात बरा झाला नाही. मी त्या घरी पुन्हा गेलो नाही. मालती जाई, मुलाला घेऊन. मी दर वेळी पाळीचं निमित्त सांगे.

शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनी, दिवाळीच्या गर्दीत. बड़ा फुहाऱ्याच्या एका कडेला पोतं पसरून बोंद्रेजी बसले होते, समोर रंगवलेल्या थैल्यांचा ढीग. मिशी पूर्ण पांढरी, त्यामुळे रंगाचा ठिपका दिसत नव्हता. गिऱ्हाईक थैली ओढून बघत होतं आणि ते त्याच्यावर खेकसत होते, “खींच मत, फाड़ेगा क्या? लेना है तो ले!” माझा मुलगा माझं बोट धरून होता. बोंद्रेजींनी मला पाहिलं. वाकड्या बोटांचा तो उजवा हात उचलला आणि हवेत धरला. नुसतं बोलवत होते, की राहिलेल्या दोन द्यायला ये म्हणत होते, मला कळलं नाही. मी जवळ गेलो असतो तर कळलं असतं. मी मुलाला ओढत समोरच्या कापडाच्या दुकानात शिरलो आणि नको असलेलं कापड बघत बसलो. बाहेर आलो तेव्हा हात खाली गेला होता आणि ते एका बाईला रंग जात नाही म्हणून सांगत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मालती कांचघरला जाऊन आली, मी पाळीवर होतो.

काकू अजून कांचघरला त्याच घरात आहेत. मालतीची थैली आमच्या दारामागे टांगलेली आहे, रोज भाजी तीतच येते. मी जे देणं लागतो ते एवढंच. फॅक्टरीला लेखी द्यायचं, की ती थैली मी चोरली होती. काकूंच्या आणि मालतीच्या समोर बसून सांगायचं, की पहिला हात माझा होता. चांगल्या कानाशी, मोठ्यानं. आणि त्या दोन थोबाडीत त्यांपैकी कोणाला द्याव्याशा वाटल्या, तर उभं राहून खायच्या.